चावी बंद होते का?

घरातल्या बहुतेक वस्तू आपली दुखणी रोज सांगत असतात. पंखा कुरकुरतो, गिझर कोमट पाणी देतो, मोरीतला नळ रात्रभर बादलीत टपटपत राहतो. याला अपवाद एका वस्तूचा. न्हाणीघरावरच्या माळ्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये किंवा मोरीच्या कोपऱ्यात, ऑइलपेंटच्या दोन-तीन थरांखाली अर्धवट बुजलेली एक चावी असते. सगळ्या घराचे पाणी तोडण्यासाठी ती तिथे बसवलेली असते. कोणी तिला कॉक म्हणतात, प्लंबरच्या तोंडी ती ‘वॉल’ असते. मराठीने तिलाही कुलपाच्या किल्लीचेच नाव दिले, ते मला सर्वांत नेमके वाटते. दोघींचे काम उघडणे आणि बंद करणे एवढेच. पण कुलपाची चावी दिवसातून चारदा फिरते आणि ही दहा-दहा वर्षे जागची हलत नाही. ती उघडी असते, पाणी तिच्यातून जात असते आणि आपण तिला विसरलेलो असतो. बेसिनखालची कनेक्शनची नळी फुटून हॉलमध्ये पाणी पसरते, त्या दिवशी तिची आठवण होते. ती बिघडली आहे हेही नेमके त्याच दिवशी कळते.

माझे म्हणणे असे, की या चावीची प्रकृती आपण चुकीच्या लक्षणावरून ठरवतो. दांड्याजवळून दोन थेंब झिरपले की ‘चावी गेली’ म्हणून प्लंबरला फोन जातो. याउलट कोरडी ठणठणीत दिसणारी चावी पाणी अजिबात अडवत नसली तरी घरात कोणाला खटकत नाही. खरे तर दांड्यातून झिरपणे हे तिच्या आजारांतले सर्वांत किरकोळ दुखणे आहे आणि पाणी न अडणे हे सर्वांत गंभीर. तेव्हा दुरुस्ती की बदल, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे ते हे: चावी बंद होते का?

आपल्याकडच्या इमारतींत पाणी येते कसे, ते पाहिले की या प्रश्नाचे वजन कळते. पालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी तळटाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून डाऊनटेकच्या उभ्या पाइपांतून घरोघरी उतरते. साधारणपणे एकाखाली एक असलेल्या न्हाणीघरांचा एक डाऊनटेक, स्वयंपाकघरांचा दुसरा. प्रत्येक डाऊनटेकच्या तोंडाशी गच्चीवर एक चावी, प्रत्येक घराच्या फाट्यावर एक, आणि घरात बेसिन, फ्लशची टाकी, गिझर यांच्या आधी छोटे अँगल कॉक. अँगल कॉक बंद झाला तर बेसिनचे काम बेसिनपुरते राहते. तो अडला तर घराचे पाणी तोडावे लागते. घराची चावी अडली तर गच्चीवर जावे लागते, आणि सात मजली इमारतीत एका घराच्या वायसरसाठी सात घरे कोरडी होतात. गच्चीवरचीही अडली, तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नसते. पाणीकपातीच्या मे महिन्यात पाच हजार लिटर पाणी गटारात सोडू द्यायला कोणती सोसायटी तयार होईल? म्हणजे चावी पाणी अडवते ते नळाच्या सोयीसाठी कमी आणि एका जागच्या बिघाडाने दुसरी जागा वेठीला धरू नये यासाठी जास्त. अडवण्याचे हे काम जिला जमत नाही, ती चावी म्हणजे पाइपाचा एक महागडा तुकडा.

आता तिच्या पोटात काय असते ते पाहू, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावर अवलंबून आहे. आपल्या घरांत मुख्यतः तीन जाती आढळतात. पहिली गेट वॉल. गोल चाक, अनेक वेढे, आत पितळेची पाचर. चाक फिरवले की ती पाचर एखाद्या सरकत्या फळीसारखी खाचेत उतरते. पूर्ण उघडली की पाण्याची वाट सरळ मोकळी. दुसरी स्टॉप कॉक. हिच्यात पाण्याला वळण घेऊन एका गोल भोकातून वर चढावे लागते आणि त्या भोकाच्या काठावर, म्हणजे बैठकीवर, वायसर लावलेला दट्ट्या स्क्रूने दाबला जातो. आपला जुना पितळी नळ याच तत्त्वावर चालतो. इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकामाच्या कारखान्याने १८४५ मध्ये असल्या स्क्रूच्या नळाचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून त्यात फारसा फरक पडलेला नाही. आपल्याकडे अशा नळांना आणि स्टॉप कॉकना आय.एस. ७८१ हे मानक लागू आहे, गेट वॉलना आय.एस. ७७८; जुन्या अंगावर खरवडून पाहिले तर कधी कधी तो आकडा सापडतोही. तिसरी बॉल वॉल. आरपार भोक पाडलेला गोळा, दोन्ही बाजूंनी त्याला घट्ट धरणाऱ्या टेफ्लॉनच्या कड्या, आणि पाव फेरा फिरणारा दांडा. दांडा पाइपाच्या रेषेत असेल तर उघडी, आडवा असेल तर बंद. ही एवढी गोष्ट लांबून, अंधारात, घाबरलेल्या माणसालाही कळते. बाकी दोघींचे चाक पाहून त्या उघड्या आहेत की बंद, हे कोणी सांगू शकत नाही.

या तिघी तीन वेगळ्या तऱ्हांनी बिघडतात. गेट वॉलचा शत्रू गाळ. तळटाकीत आणि गच्चीच्या टाकीत बसलेली माती, टँकरच्या पाण्यातून आलेली रेती, जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपातून सुटलेले गंजाचे पापुद्रे हे सगळे वाहत येऊन पाचरीच्या खाचेत तळाशी साठते. पाचर खाली टेकायला तांदळाच्या दाण्याएवढे अंतर उरले तरी त्या फटीतून पाणी जात राहते. मग माणूस चाक आणखी आवळतो, नंतर पान्हा लावतो, आणि इथे दुसरे दुखणे उघडे पडते. चाकाला जोडलेला दांडा, म्हणजे स्पिंडल, बहुधा पितळेचा असतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्ताचे प्रमाण साधारण पंधरा टक्क्यांच्या वर असले की काही पाण्यांत ते वर्षानुवर्षे झिजून निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांब्याचा सांगाडा उरतो. आकार तोच, आटे तेच, रंग मात्र पिवळ्याचा गुलाबीसर तांबूस झालेला. ताकद संपलेली असते, दिसत तेवढी नाही. असा दांडा आवळताना तुटतो किंवा त्याचे आटे सुटतात. चाक मग भिंगरीसारखे फिरत राहते, पाचर मात्र आहे तिथेच. ती वर अडकली असेल तर पाणी थांबत नाही, खाली पडली असेल तर सुरू होत नाही. गेट वॉल अर्धवट उघडी ठेवण्याची सवयही तिच्या मुळावर येते. अर्ध्या वाटेत लोंबणारी पाचर पाण्याच्या धारेत थरथरते आणि तिच्या कडा झिजतात. खालच्या मजल्यांचा जोर कमी करावा म्हणून गच्चीवरची गेट वॉल निम्मी आवळून ठेवणाऱ्या सोसायट्या आज दाब आटोक्यात ठेवतात आणि पुढची पूर्ण बंद होण्याची क्षमता घालवून बसतात.

स्टॉप कॉकचे दुखणे साधे असते आणि म्हणूनच ती मला तिघींत सर्वांत गुणी वाटते. रबराचा वायसर कडक होतो, त्याला बैठकीचा वळ पडतो, कधी वायसर फाटतो. बैठकीच्या पितळेवर पाण्याच्या धारेने बारीक चर पडतो. यातले सगळे वरून उघडून हाताशी येते. वरचा भाग आट्यांतून सोडवायचा, दट्ट्या काढायचा, वायसर बदलायचा. बैठक खरबरीत झाली असेल तर ती घासून सारखी करायचे हत्यार प्लंबरकडे मिळते. अंगावर बाण कोरलेला असतो, त्याकडे मात्र लक्ष हवे. पाणी बैठकीच्या खालून यावे अशी तिची रचना असते. उलटी बसवली तर सुटा दट्ट्या पाण्याच्या जोरानेच बैठकीवर चिकटून बसतो, चावी उघडूनही पाणी येत नाही आणि दोष पाइपाच्या माथी मारला जातो.

बॉल वॉलचा शत्रू गाळापेक्षा क्षार. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बादलीच्या तळाशी पांढरा थर धरतात तसाच गोळ्याच्या उघड्या पृष्ठभागावरही धरतात. पाच वर्षे न फिरलेला गोळा फिरवू लागलो की तो थर टेफ्लॉनच्या कडीवर घासतो आणि तिला ओरखडे पाडतो. जोर केला तर पत्र्याचा दांडा वाकतो किंवा आतली खुंटी पिळवटून तुटते. स्वस्त बॉल वॉल उघडून दुरुस्त करण्याजोगी बनवलेलीच नसते. ती चालते तोवर उत्तम, थांबली की फेकायची. गच्चीवर उन्हात बसवलेल्या प्लॅस्टिकच्या बॉल वॉलचे दुखणे आणखी निराळे. आतला गोळा धडधाकट असतो, पण उन्हाने ठिसूळ झालेली मूठ हातात येते.

आता दांड्यातून झिरपण्याविषयी. जिथे फिरणारा दांडा अंगातून बाहेर येतो तिथे फट राहणारच, आणि ती बुजवण्यासाठी ग्लँड नटाखाली सुताची किंवा ग्रॅफाइट लावलेल्या दोरीची भरती असते. वर्षानुवर्षे न हललेली भरती सुकते, आणि दांडा फिरवला की तिच्यातून थेंब येऊ लागतात. उपाय म्हणजे ग्लँड नट पाव फेऱ्याच्या आतबाहेर आवळणे. तेवढ्याने भागले नाही तर नट सोडून जुनी भरती टोच्याने कोरून काढायची आणि नव्या दोरीचे किंवा पीळ घातलेल्या टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे भरायचे. यातला एक बारकावा माझ्या मुद्द्याला बळ देणारा आहे. बाणाप्रमाणे बसवलेली स्टॉप कॉक पूर्ण बंद होत असेल, तर पाणी बैठकीखालीच अडते आणि वरचा ग्लँड दाबमुक्त होतो. ही दुरुस्ती गच्चीवर न जाता, शेजारच्यांना न कळता होऊन जाते. बंद न होणाऱ्या चावीला ही सवलत नाही. तिचा साधा वायसर बदलायलाही वरची चावी लागते. झिरपणाऱ्या चावीकडे स्वतःच्या औषधाची सोय असते, ती अशी.

झिरपणे किरकोळ म्हणताना त्याकडे दुर्लक्ष करा असे मात्र मी म्हणत नाही. दोनशे मिलिलिटरचा पेला दहा मिनिटांत भरत असेल तर दिवसाला जवळपास २९ लिटर पाणी जाते, आणि ते भिंतीत जात असेल तर प्लास्टर फुगते, सळईला गंज चढतो, खालच्या घराच्या छताला ओल येते. पण ही हानी डोळ्यांसमोर आणि हळूहळू होते. तिच्यासाठी माणूस आज ना उद्या काही करतोच. बंद न होणाऱ्या चावीसाठी काही करायची वेळ येते तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते, एवढाच फरक मी दाखवतो आहे.

चावी बंद होते की नाही, हे तपासायला पाच-दहा मिनिटे लागतात, पण तपासणीचा अर्थ लावताना चूक होऊ शकते. चावी हाताच्या बळाने बंद करायची, पान्ह्याने नाही. मग घरातला सर्वांत खालचा नळ, बहुधा मोरीतला, पूर्ण उघडायचा. पाइपात अडकलेले पाणी थोडा वेळ येत राहील, धार बारीक होत थांबेल. ती थांबली तर चावी निरोगी. थेंब थेंब उरले तर पेला लावून मोजावेत. घोटभर पाणी गळणारी चावी कायमची चांगली नव्हे, पण पान्हा आणि बादली घेऊन काम उरकण्यापुरती पुरेशी असते. धार थांबलीच नाही तरी लगेच चावीला दोषी ठरवू नये. न्हाणीघराची आणि स्वयंपाकघराची लाइन वेगळी असून नूतनीकरणात कोणीतरी ती आतून जोडलेली असू शकते, म्हणजे एक बंद केली तरी दुसरीकडून पाणी येते. गरम-गार पाण्याचा मिक्सर हाही गुप्त जोड ठरतो. हँडशॉवरच्या टोकाची कळ बंद करून मिक्सर तसाच उघडा ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. अशा वेळी गरम आणि गार या दोन लाइनी मिक्सरच्या पोटात एक होतात आणि एकीचे पाणी दुसरीत शिरते. तेव्हा सगळे मिक्सर मिटवून, गिझरचा कॉक बंद करून, दोन्ही लाइनींच्या चाव्या आळीपाळीने तपासल्यावरच निकाल द्यावा.

निकाल हाती आला की दुरुस्ती आणि बदल यांतली निवड फारशी अवघड राहत नाही. स्टॉप कॉक बंद होत नसेल तर आधी वायसर, मग बैठक. अंग जाड, जुन्या धाटणीचे असेल तर बदलण्याची घाई करू नये, बाजारातली नवी हलकी वस्तू तिच्यापेक्षा बरी असेलच असे नाही. गेट वॉल बंद होत नसेल तर एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. ती थोडी उघडून, खालचा नळ पूर्ण सोडून, पुन्हा आवळायची, असे पाच-सहा वेळा. बारीक फटीतून जोराने जाणारे पाणी खाचेतला गाळ कधी कधी धुऊन नेते. तरीही जमले नाही किंवा चाक भिंगरीसारखे फिरले, तर बदलणे हाच मार्ग. घरगुती आकाराच्या गेट वॉलची पाचर घासून बसवत बसणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. बॉल वॉल अडली तर बदल. टाइलमागे बुजवलेल्या कन्सील्ड कॉकच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे. भिंत फोडू या, टाइल जुळली नाही तर नवी लावू, असे सांगणारा मिळतोच. पण या कॉकचे पितळी अंग भिंतीत राहते आणि झिजणारा भाग, म्हणजे आतला स्पिंडल, मूठ आणि वरची चकती काढल्यावर समोरून सोडवता येतो. तो नमुन्याला घेऊन दुकानात जावे आणि आटे, लांबी, दातेरी टोक जुळवून त्याच कंपनीचा आणावा. भिंतीतले अंगच तडकले असेल तरच छिन्नीला हात घालावा.

यावर पहिला आक्षेप अगदी घरगुती असतो: इतकी वर्षे हात लावला नाही म्हणून ती गळत नाही, फिरवली की गळेल, मग सुखाचा जीव दुःखात कशाला? यात तथ्य आहे. सुकलेली भरती फिरवल्यावर थेंब सोडते, आणि आतून पोकळ झालेला दांडा तपासणीतच तुटू शकतो. पण नीट पाहिले तर तपासणीने काहीच बिघडवलेले नसते. दांडा आधीच निकामी होता. फक्त ती बातमी शनिवारी सकाळी, हार्डवेअरचे दुकान उघडे असताना, प्लंबर हाताशी असताना मिळाली. तीच बातमी गणपतीत घराला कुलूप लावून गावी गेल्यावर खालच्या मजल्यावरून फोनने येऊ शकते. या आक्षेपातून घ्यायची सावधगिरी वेगळी आहे: गच्चीवरची चावी चालते याची खात्री झाल्यावरच घरातली फिरवावी. वरून खाली, असा तपासणीचा क्रम.

दुसरा आक्षेप नव्या विचारांच्या माणसाचा. एवढा निवाडा कशाला, सगळ्या जुन्या चाव्या काढून बॉल वॉल लावा. या म्हणण्याची मजबूत बाजू आधी सांगतो, कारण ती बहुतेकदा कोणी सांगत नाही. शेवटच्या मजल्यावरच्या घरात टाकीचा तळ नळाच्या तीनेक मीटर वर असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे या घराला मिळतो पाऊण सोडाच, जेमतेम पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम. अर्ध्या इंची पाइपात मिनिटाला दहा लिटर पाणी वाहते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला मीटरभर असतो, आणि या वेगाला वळणावळणाची स्टॉप कॉक सुमारे अर्ध्या मीटरची उंची खाऊन टाकते. पूर्ण उघडी गेट वॉल सेंटिमीटरभर खाते, पूर्ण भोकाची बॉल वॉल त्याहून कमी. तिसातले पाच भाग एका चावीत गेल्यावर शॉवरची तक्रार येणारच. वरच्या मजल्यावर स्टॉप कॉक काढून पूर्ण भोकाची बॉल वॉल लावणे म्हणूनच शहाणपणाचे. मात्र भोक पूर्ण आहे ना, हे विकत घेताना डोळा लावून पाहावे. स्वस्त मालात गोळ्याचे भोक पाइपापेक्षा बरेच लहान असते.

त्याच बॉल वॉलविरुद्ध नेहमी सांगितले जाणारे भय म्हणजे पाण्याचा ठोका: झटकन बंद केली की पाइप धडकन वाजतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकॉव्हस्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे गणित मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी लोखंडी पाइपात क्षणात अडवले तर दाब बारा-तेरा किलोंनी उसळतो. गच्चीच्या टाकीच्या दाबापुढे हा आकडा भयंकर आहे. पण ‘क्षणात’ याचा अर्थ पाहायला हवा. ती दाबाची लाट पाइपाच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याच्या आत चावी बंद झाली पाहिजे, आणि वीस मीटर पाइपात हा वेळ भरतो सेकंदाच्या तीन-शतांशाच्या आसपास. हाताने दांडा फिरवायला अर्धा सेकंद तरी लागतोच. त्यामुळे घरात बसणारा ठोका त्या आकड्याच्या लहानशा अंशाचा असतो. दांडा सावकाश फिरवला की तोही नाहीसा होतो. बॉल वॉल नाकारायला हे कारण पुरत नाही. पुरणारी कारणे दुसरी आहेत. जिथे पाणी कमी-जास्त करायचे आहे, म्हणजे खालच्या मजल्यांचा जोर मोडायचा आहे, तिथे बॉल वॉल अर्धी उघडी ठेवली की टेफ्लॉनची कड झिजते. हे काम स्टॉप कॉकचे. आणि जिथे पाणी जड आहे तिथे बॉल वॉल लावायची तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा फिरवण्याची शिस्तही लावावी लागते.

सरसकट बदलाला सर्वांत मोठी अडचण चावीची नसून तिला धरून ठेवणाऱ्या पाइपाची. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीतला जीआय पाइप आतून गंजाच्या गाठींनी भरलेला असतो आणि सर्वांत पातळ असतो तो नेमका आट्यांच्या जागी, कारण आटे पाडताना तिथला धातू आणि जस्ताचा थर दोन्ही कापले गेलेले असतात. शिवाय जुन्या कारागिरांनी तिथे सूत गुंडाळून सफेदा फासलेला असतो, तो आता दगड झालेला. एकच पान्हा चावीला लावून हिसका दिला तर चावी सुटण्याऐवजी भिंतीतल्या एल्बोजवळ पाइपच पिळवटतो, आणि पंधरा मिनिटांचे काम भिंत फोडण्यावर जाते. म्हणून पान्हे दोन हवेत: एक पाइप घट्ट धरून ठेवणारा, दुसरा चावी सोडवणारा. जवळपास युनियन, म्हणजे नट सोडून पाइप वेगळा करता येणारा जोड, नसेल तर पाइप कापावा लागतो. अशा वेळी नवी चावी बसवताना युनियन घालून घ्यावी, पुढच्या खेपेला ती उपकार करील. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची आणि बेताने. भरमसाट टेप घालून आवळलेला पितळी सॉकेट उभा चिरतो, प्लॅस्टिकचा तर हमखास. इथे जाता जाता एक गंमत: अर्ध्या इंची पाइपात अर्धा इंच शोधून सापडत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, या पाइपाचा बाहेरचा व्यास २१ च्या आसपास, आतला १६ च्या. नाव जुने राहिले, मापे बदलत गेली. आणि परदेशातल्या मुलाने हौसेने अमेरिकेतून आणलेला शॉवर किंवा कॉक आपल्या अर्ध्या इंचीला बसल्यासारखा वाटतो, कारण दोन्हीकडे इंचाला १४ आटे. पण आट्यांचा कोन तिकडे ६० अंशांचा आणि आपला ५५ चा. दोन वेढे गोडीने जातात, पुढे गळती.

पाइपच असा खिळखिळा असेल तर चांगल्या चावीला हात न लावता वायसरवर भागवणे शहाणपणाचे, आणि चावी बदलणे अटळ असेल तर फाट्यापासूनचा तुकडाच सीपीव्हीसीचा करून घ्यावा. सॉल्व्हंटने चिकटवलेला सांधा वाळायला वेळ लागतो. तो कंपनीने सांगितलेला पूर्ण वेळ द्यावा लागतो. खालून “पाणी कधी सोडताय?” म्हणून हाका आल्या की हीच अट आधी मोडली जाते. खर्च कोणाचा, हा वाद सोसायट्यांत हटकून होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि टाक्यांची दुरुस्ती संस्थेकडे असते, घराच्या आतली सभासदाकडे. डाऊनटेक आणि गच्चीवरची चावी संस्थेची, फाट्यानंतरची चावी घरमालकाची, असे त्यातून निघते. डाऊनटेकसाठी संस्था पाणी बंद करणारच असेल, तर त्या दिवशी आपापल्या चाव्या बदलून घेणाऱ्या घरांचे पुढचे कित्येक मनस्ताप वाचतात.

नवी चावी बसली की गच्चीवरची हळूहळू उघडावी आणि घरातला एक नळ आधीच सोडून ठेवावा, म्हणजे पाइपातली हवा खाकरत बाहेर पडेल. नळांच्या तोंडच्या जाळ्या तेवढ्यापुरत्या काढून ठेवाव्यात. हलवाहलवीने सुटलेला गंज पहिल्या दोन मिनिटांत येतो आणि जाळीत अडकला तर ‘नवी चावी लावल्यापासून पाणी कमी झाले’ अशी तक्रार सुरू होते. सांध्याभोवती वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा गुंडाळून रात्रभर ठेवला की डोळ्यांना न दिसणारी ओलही सकाळी कागदावर उमटते. चाकाची चावी असेल तर शेवटपर्यंत उघडून झाल्यावर पाव फेरा परत फिरवून ठेवावी. टोकाला घट्ट टेकवून ठेवलेले चाक काही वर्षांनी तिथेच धरते. मग आणीबाणीत धावत आलेला माणूस उलटसुलट दोन्हीकडे हिसके देऊन पाहतो. उघडी अडकली आहे की बंद, हेच त्याला कळत नाही. पाव फेऱ्याचा तो ढिलेपणा असला की चाक दोन्ही बाजूंना थोडे हलते, आणि हाताला लगेच उमगते की चावी उघडी आहे, फिरवायची ती उजवीकडे.